गाठ काढल्यावर रक्त काय सांगतं

स्वादुपिंडाच्या कर्करोगात ‘ऑपरेशन करता येईल’ एवढं डॉक्टरांनी म्हणणं हीच मोठी बातमी असते. निदान होतं तेव्हा शंभरातल्या पंधरा-वीस रुग्णांचीच गाठ काढण्याजोगी असते. बाकीच्यांमध्ये ती यकृतात किंवा पोटाच्या अस्तरावर पसरलेली असते, नाहीतर शेजारच्या मोठ्या रक्तवाहिन्यांना वेढून बसलेली असते. महाराष्ट्रात आणि गोव्यात हा आजार अनेकांना पहिल्यांदा नावानिशी कळला तो मनोहर पर्रीकरांच्या आजारपणात. मार्च २०१९ मध्ये ते गेले. तोवर घरोघरी ‘पोटाचा कॅन्सर’ एवढंच म्हटलं जायचं.

गाठ स्वादुपिंडाच्या डोक्याकडे असेल तर जे ऑपरेशन होतं त्याला सर्जन मंडळी ‘व्हिपल’ म्हणतात. न्यूयॉर्कच्या ॲलन व्हिपल यांनी १९३५ मध्ये ते जगापुढे मांडलं, म्हणून त्यांचं नाव लागलं. खरं तर बर्लिनमध्ये वॉल्टर काऊश यांनी १९०९ मध्येच तशी शस्त्रक्रिया केली होती. स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याचा पहिला भाग, पित्ताशय, पित्तनलिकेचा खालचा तुकडा आणि कधीकधी जठराचं शेवटचं टोक, एवढं सगळं काढायचं आणि मग उरलेलं स्वादुपिंड, पित्तनलिका आणि जठर पुन्हा आतड्याला जोडायचं. पाच-सहा तास सहज जातात. परळच्या टाटा मेमोरियलसारख्या, वर्षभर हेच काम चालणाऱ्या केंद्रांत ही शस्त्रक्रिया आता पुष्कळ सुरक्षित झाली आहे.

पण एवढं करूनही पुढे काय? जर्मनी आणि ऑस्ट्रियात झालेल्या एका गाजलेल्या चाचणीत नुसतं ऑपरेशन झालेल्यांपैकी पाच वर्षांनी सुमारे १० टक्के रुग्ण हयात होते. ऑपरेशननंतर सहा महिने जेमसिटाबिन हे केमोचं औषध दिलेल्यांत हेच प्रमाण सुमारे २१ टक्के निघालं. २०१८ मध्ये फ्रान्स आणि कॅनडाच्या डॉक्टरांनी चार औषधांची जोरकस केमो वापरून पाहिली, तेव्हा त्या गटातले निम्मे रुग्ण साडेचार वर्षांहून अधिक जगले. अर्थात ते बऱ्यापैकी धडधाकट, निवडून घेतलेले रुग्ण होते. प्रगती खरी आहे, पण सरासरीच्या आड फार मोठी तफावत दडलेली असते. एकाच टप्प्यावरचा आजार, सर्जन तोच, औषधही तेच; तरी एकाचा आजार आठ महिन्यांत उलटतो आणि दुसरा सहा वर्षांनी नातवाच्या मुंजीत पंगत वाढत असतो. हा फरक आधी ओळखता येईल का, हा प्रश्न गेली वीस-पंचवीस वर्षं अनेक देशांतल्या डॉक्टरांच्या मागे लागला आहे. त्याचं एक उत्तर शोधलं जातंय अगदी साध्या ठिकाणी, गल्लीतल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये होणाऱ्या रक्ततपासणीत.

सीबीसीचा कागद बहुतेकांनी पाहिलेला असतो. त्यात पांढऱ्या पेशींचे प्रकार टक्क्यांत दिलेले असतात. न्यूट्रोफिल ७२ आणि लिम्फोसाइट १८ असतील, तर ७२ भागिले १८ म्हणजे ४. या भागाकाराला डॉक्टर ‘एनएलआर’ म्हणतात. स्लोव्हाकियाच्या झाहोरेच यांनी २००१ मध्ये अतिगंभीर रुग्णांवरचा ताण मोजायचं सोपं साधन म्हणून तो सुचवला. निरोगी माणसात हा आकडा साधारण १ ते ३ च्या दरम्यान असतो. त्याच कागदावरच्या प्लेटलेटना लिम्फोसाइटनी भागलं की ‘पीएलआर’ मिळतो. प्लेटलेट गुणिले न्यूट्रोफिल, भागिले लिम्फोसाइट, असा आणखी एक निर्देशांक शांघायच्या डॉक्टरांनी २०१४ मध्ये यकृताच्या कर्करोगासाठी मांडला. जपानमध्ये ओनोडेरा यांनी १९८४ मध्येच अल्ब्युमिन आणि लिम्फोसाइट यांची सांगड घालून पोषणाचा एक निर्देशांक बनवला होता. तोही आता या कामाला लागला आहे. या सूत्रांची यादी वाढतच जाते, आणि खरं सांगायचं तर तिच्यातली निम्मी सूत्रं एकमेकांची भावंडं आहेत. सगळ्यांचा आशय एकच: न्यूट्रोफिल आणि प्लेटलेट वर, लिम्फोसाइट आणि अल्ब्युमिन खाली, म्हणजे शरीरभर सूज पेटलेली आहे.

ही सूज म्हणजे पाय सुजतात तशी डोळ्यांना दिसणारी नव्हे. जखम किंवा जंतुसंसर्ग झाल्यावर प्रतिकारयंत्रणा जे रान उठवते, ते इथे गाठीमुळे महिनोन् महिने धुमसत राहतं. गाठीत पांढऱ्या पेशी सापडतात हे बर्लिनच्या रुडॉल्फ फिरखो यांनी १८६३ मध्येच नोंदवलं होतं. कर्करोग आणि सूज यांचा काहीतरी संबंध असावा, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे शंभरएक वर्षं त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या हॅरॉल्ड ड्वोराक यांनी कर्करोगाच्या गाठींना ‘न भरणाऱ्या जखमा’ म्हटलं, आणि तेव्हापासून या विचाराला पुन्हा धार आली.

स्वादुपिंडाच्या गाठीला तर हे वर्णन चपखल बसतं. तिच्यात कर्करोगाच्या पेशींपेक्षा भोवतालचे चिवट तंतूच पुष्कळदा जास्त असतात. नव्वद टक्क्यांहून अधिक गाठींमध्ये केरास नावाचं जनुक बिघडलेलं असतं. या बिघाडामुळे पेशी बेसुमार वाढतात, शिवाय आसपास रासायनिक संदेशही पाठवत राहतात. त्यातले काही संदेश अस्थिमज्जेपर्यंत पोचतात आणि तिथून न्यूट्रोफिलांची जास्तीची कुमक निघते. हे न्यूट्रोफिल गाठीवर तुटून पडतील अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात त्यांतले बरेचसे गाठीच्याच कामी येतात. ते नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतात आणि स्वतःच्या डीएनएची चिकट जाळी बाहेर फेकतात. जंतू पकडण्यासाठी असलेल्या या जाळ्यांत रक्तातून भटकणाऱ्या कर्करोगाच्या पेशीही अडकतात आणि नव्या जागी रुजतात. प्लेटलेट अशा भटक्या पेशींना वेढून लपवतात. गाठीच्या पेशी ओळखून मारायचं काम मुख्यतः लिम्फोसाइटांचं, आणि नेमके तेच घटतात. म्हणून अंश फुगतो, छेद आकसतो आणि साध्या भागाकारात दोन्ही गोष्टी एकदम दिसतात.

रक्त गोठण्याचा संबंधही जवळपास तितकाच जुना. पॅरिसचे डॉक्टर आर्मां त्रूसो यांनी १८६५ मध्ये सांगितलं होतं, की हातापायांच्या शिरांमध्ये जागा बदलत गुठळ्या होत असतील तर पोटात कुठेतरी कर्करोग दडलेला असू शकतो. दोन वर्षांनी त्यांच्या स्वतःच्या शिरेत गुठळी झाली, तेव्हा त्यांनी आपलं निदान आपणच ओळखलं. त्याच वर्षी पोटातल्या कर्करोगानं ते गेले.

आता सीआरपी. कोविडनंतर हे नाव न ऐकलेलं घर विरळा. हे प्रथिन १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं. ते यकृतात बनतं आणि त्याला हुकूम मिळतो मुख्यतः इंटरल्यूकिन-६ या संदेशाकडून. हाच हुकूम आला की यकृत अल्ब्युमिन बनवायचं कमी करतं. या दोन आकड्यांची जोडी लावायची कल्पना ग्लासगो रॉयल इन्फर्मरीतली. जोसेफ लिस्टर यांनी १८६५ मध्ये कार्बोलिक ॲसिड वापरून जखमा सडण्यापासून वाचवल्या ते हेच रुग्णालय. तिथल्या डोनाल्ड मॅकमिलन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगासाठी एक अगदी सोपी गुणपद्धती मांडली. तिचं आजचं सुधारित रूप असं: सीआरपी लिटरला १० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर शून्य. त्याहून जास्त असेल पण अल्ब्युमिन ३.५ किंवा त्याहून वर असेल तर एक. सीआरपी वर आणि अल्ब्युमिन ३.५ च्या खाली, तर दोन. गुण वाढतील तसं आयुर्मान घटतं, हे पुढे आतड्याच्या, जठराच्या, स्वादुपिंडाच्या कर्करोगातही वारंवार दिसलं.

या गुणपद्धतीचं मला कौतुक वाटतं ते तिच्या स्वस्ताईमुळे. जनुकांची तपासणी अजूनही बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेर आहे. इथे मात्र तालुक्याच्या लॅबमध्ये काही शे रुपयांत काम होतं. पण जे स्वस्त असतं त्याचा वापरही सैल होतो.

पहिली अडचण काविळीची. स्वादुपिंडाच्या डोक्यातली गाठ पित्तनलिका दाबते, म्हणून बहुतेक रुग्ण पिवळे डोळे आणि अंगाला सुटलेली खाज घेऊनच दवाखान्यात येतात. मग नलिकेत एंडोस्कोपीनं स्टेंट घातला जातो. स्टेंटमधून आतड्यातले जंतू वर चढतात आणि थंडी वाजून ताप येतो. अशा दिवशी रक्त तपासलं तर सीआरपी आणि न्यूट्रोफिल दोन्ही आभाळाला टेकलेले. ती सूज गाठीची की पित्ताच्या जंतुसंसर्गाची, हे आकडा सांगत नाही. सगळ्याच कावीळ झालेल्यांना ऑपरेशनआधी स्टेंट घालावा का, हे नेदरलँड्समधल्या चाचणीनं तपासलं होतं. २०१० मध्ये तिचे निष्कर्ष आले. थेट ऑपरेशन केलेल्यांत गंभीर गुंतागुंत ३९ टक्के, आधी पित्त काढून मग ऑपरेशन केलेल्यांत ७४ टक्के. त्यामुळे कावीळ फार नसेल आणि ऑपरेशन लगेच होणार असेल तर स्टेंट टाळण्याकडे सर्जनचा कल असतो. आता ऑपरेशनआधीच केमो देण्याचं प्रमाण वाढतंय आणि त्यासाठी कावीळ उतरवावीच लागते, म्हणून स्टेंट पुन्हा आलाच.

या आजाराचा ठरलेला ट्यूमर मार्कर म्हणजे सीए १९-९. तोही काविळीत खोटा वाढतो. शिवाय पाच ते दहा टक्के लोकांच्या रक्तगटाच्या घडणीतच तो तयार होण्याची सोय नसते. त्यांची गाठ कितीही मोठी झाली तरी सीए १९-९ जवळपास शून्यच. अशा रुग्णांत सूज दाखवणाऱ्या आकड्यांना थोडं अधिक मोल येतं, कारण दुसरं काही हाताशी नसतं.

दुसऱ्या गोंधळाचं कारण औषधं. दम्यासाठी किंवा केमोच्या उलट्या थांबवायला दिलेल्या स्टिरॉइडनं न्यूट्रोफिल चढतात आणि लिम्फोसाइट उतरतात. कर्करोगाशी काही संबंध नसताना एनएलआर दुप्पट होऊ शकतो. अनियंत्रित मधुमेह, विडी-सिगारेट, पू झालेल्या हिरड्या यांचाही वाटा असतो. आफ्रिकी वंशाच्या अनेकांमध्ये न्यूट्रोफिल जन्मतःच कमी असतात आणि त्यात आजार काही नसतो. म्हणजे लंडनमध्ये ठरवलेली मर्यादारेषा लागोसमध्ये चालेलच असं नाही, आणि अकोल्यातही ती आधी तपासून घेतलेली बरी.

मर्यादारेषेचा हा प्रश्न मला सगळ्यात कळीचा वाटतो. एनएलआर किती असला की ‘जास्त’ म्हणायचं? कुठल्या अभ्यासात २, कुठे ३, कुठे ५. होतं असं, की संशोधक आपल्याच जुन्या रुग्णांच्या नोंदी काढतात, वेगवेगळ्या ठिकाणी रेघ मारून बघतात आणि दोन गटांत जिथे सर्वांत मोठा फरक दिसतो तिथली रेघ ‘योग्य’ म्हणून छापतात. बाण मारून झाल्यावर त्याभोवती वर्तुळ काढण्यातला हा प्रकार. इंग्लंडचे संख्याशास्त्रज्ञ डग्लस ऑल्टमन आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्येच दाखवून दिलं, की अशी सोयीची रेघ निवडली तर मुळात काहीच फरक नसताना तो आहे असं वाटण्याची शक्यता ५ टक्क्यांवरून ४० टक्क्यांच्या आसपास जाते. २००५ मध्ये अशा अभ्यासांची मांडणी कशी असावी याचे नियमही निघाले. तरी एकेका रुग्णालयाच्या शे-दोनशे रुग्णांवरचे, नवी रेघ आणि नवं सूत्र घेऊन येणारे निबंध थांबलेले नाहीत. ज्यांत काही निघालं नाही ते अभ्यास छापले जात नाहीत, हा आणखी एक झोल. एवढं सगळं वजा करूनही कल मात्र टिकतो: सूज जास्त असलेल्या गटाचं आयुर्मान कमी. टिकत नाही ती त्या फरकाची भव्यता.

आणि गट म्हणजे माणूस नव्हे. समजा, एनएलआर जास्त असलेल्या शंभर जणांपैकी सत्तर जण तीन वर्षांच्या आत गेले आणि कमी असलेल्या शंभरापैकी पन्नास. संख्याशास्त्राच्या दृष्टीनं हा घसघशीत फरक झाला. पण समोर बसलेला रुग्ण सत्तरातला की तिसातला, हे त्या आकड्यातून कळत नाही. केवळ एनएलआर चढा आहे म्हणून काढता येण्याजोगी गाठ न काढता रुग्णाला घरी पाठवणं कुठल्याही जबाबदार सर्जनला मान्य होणार नाही, आणि ते योग्यच आहे.

भाकीत वर्तवणारा आकडा उपचारही सुचवेल का, याची एक मोठी परीक्षा होऊन गेली आहे. ती ऑपरेशन झालेल्यांवर नव्हे, आजार पसरलेल्यांवर झाली, पण तिचा धडा इथेही लागू पडतो. रक्सोलिटिनिब हे औषध इंटरल्यूकिन-६ सारख्यांचे संदेश पेशीच्या आत पोचू देत नाही. १२७ रुग्णांवरच्या पहिल्या अभ्यासात एकूण फायदा ठळक दिसला नाही. पण ज्यांचा सीआरपी जास्त होता त्यांच्यात सहा महिन्यांनी हयात असलेल्यांचं प्रमाण ४२ टक्के निघालं. औषध न मिळालेल्या तशाच रुग्णांत ते ११ टक्के होतं. अनेकांना वाटलं, सापडलं! मग ग्लासगो पद्धतीनं एक किंवा दोन गुण मिळालेले, म्हणजे सूज असलेलेच रुग्ण निवडून मोठी चाचणी केली. औषधाचा उपयोग दिसत नाही म्हणून ती २०१६ मध्ये मध्येच थांबवावी लागली. सीआरपीनं कोण लवकर जाईल ते बरोबर ओळखलं होतं. सूज दाबल्यानं ते वाचतील, हा निष्कर्ष आपला होता.

माझ्या मते हे आकडे सर्वांत उपयोगी पडतात ते ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यात, आणि गंमत म्हणजे तिथे कर्करोगाचा संबंधच नसतो. मोठं ऑपरेशन झालं की सीआरपी चढणारच. काही तासांत तो वाढू लागतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दीडशे-दोनशेपर्यंत जातो आणि सगळं सुरळीत असेल तर उतरू लागतो. रक्तातला निम्मा सीआरपी साधारण १९ तासांत नाहीसा होतो, त्यामुळे आग विझली की आकडा पटकन खाली येतो. तो उतरायच्या ऐवजी तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर तसाच राहिला किंवा पुन्हा चढला, तर सर्जनच्या मनात पहिली शंका येते ती स्वादुपिंडाच्या जोडाची. हा अवयव मऊ, त्याचा रस प्रथिनं पचवणारा. टाक्यांमधून रस झिरपला तर तो आजूबाजूच्या पेशी आणि रक्तवाहिन्या खाऊ लागतो. म्हणून पोटात ठेवलेल्या ड्रेनमधल्या पाण्यात अमायलेज हे स्वादुपिंडाच्या रसातलं एन्झाइम तपासतात. तिसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर ते रक्तातल्या सामान्य कमाल पातळीच्या तिपटीहून जास्त निघालं आणि रुग्णाच्या तब्येतीवरही परिणाम दिसला, तर गळती धरली जाते. सीआरपी आणि ड्रेनचं अमायलेज दोन्ही समाधानकारक असतील तर ड्रेन लवकर काढता येतो, रुग्ण लवकर हिंडूफिरू लागतो.

अल्ब्युमिनबद्दल आपल्याकडे एक ठाम समजूत आहे: कमी झालं की अंड्याचं पांढरं आणि प्रोटीन पावडर. खाणं महत्त्वाचं आहेच. पण अल्ब्युमिन कमी होण्यामागे पुष्कळदा उपासमारीपेक्षा सूज जास्त असते. यकृताचं लक्ष दुसरीकडे असतं आणि रक्तवाहिन्यांतून ते ऊतींमध्ये झिरपतं. शिवाय एकदा बनलेलं अल्ब्युमिन रक्तात निम्मं व्हायला सुमारे वीस दिवस लागतात, म्हणजे आज खाल्लेलं उद्याच्या रिपोर्टात दिसणार नाही. स्वादुपिंडाचा रसच आतड्यात पोचत नसेल तर खाल्लेलं पचतही नाही. शौच तेलकट, तरंगणारं, उग्र वासाचं होतं. अशा वेळी जेवणाच्या पहिल्या घासांबरोबर घ्यायच्या एन्झाइमच्या गोळ्या प्रोटीन पावडरपेक्षा जास्त काम करतात, आणि त्या लिहून द्यायच्या राहून गेल्या असतील तर विचारायला हरकत नाही. ऑपरेशनआधी मिळालेल्या दोन-चार आठवड्यांत रोज चालणं, श्वासाचे व्यायाम, तंबाखू बंद आणि साखर आटोक्यात, एवढं झालं तरी रुग्ण टेबलावर वेगळ्या ताकदीनं जातो.

ऑपरेशननंतर महिना-दीड महिन्यानं, जखम भरून सगळं निवल्यावर केलेल्या सीआरपीलाही अर्थ असतो. जंतुसंसर्ग नाही, जोड नीट आहे, तरी आकडा चढाच असेल, तर शरीरात सूज पेटती ठेवणारं काहीतरी शिल्लक असू शकतं. अशा रुग्णाची केमो रेंगाळू द्यायची नाही आणि सीटी स्कॅनसाठी पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट बघत बसायचं नाही, एवढा निर्णय त्यावरून घेता येतो.

हे सगळं जमायचं तर आकडे एकमेकांशेजारी ठेवून पाहता यायला हवेत. एका लॅबचा सीआरपी लिटरला मिलिग्रॅममध्ये असतो, दुसऱ्या लॅबचा डेसिलिटरला. त्यामुळे १२ आणि १.२ हे एकच असू शकतात, आणि ‘दहापट कमी झाला’ म्हणून घरी पेढे वाटले जातात. शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासणी करावी. फाइलमध्ये रिपोर्ट तारखेनुसार लावावेत आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेनानं लिहून ठेवावं: त्या दिवशी ताप होता का, स्टेंट कधी घातला किंवा बदलला, स्टिरॉइड किंवा अँटिबायोटिक चालू होतं का, शेवटची केमो कधी झाली. ओपीडीत डॉक्टरांच्या हाती पाच-दहा मिनिटं असतात, आणि चढलेला एनएलआर गाठीचा की कालच्या इंजेक्शनचा, हे त्यांना त्या चार ओळींवरून समजतं.